नऊ-दहा वर्षांच्या लॅब्रॅडॉर कुत्रीसाठी कायमचं घर हवंय, तीन स्थळं आली आहेत

कालव्याकाठची :

नमस्कार मंडळी. जरा लांबण लागेल, पण अर्धवट माहितीवर सल्ला मागितला की प्रतिसादांत उलटे प्रश्नच येत राहतात, म्हणून सगळं एकदाच लिहिते.

पावसाळ्याच्या तोंडावर आमच्या मागच्या कालव्याच्या रस्त्यावर (सिंहगड रोड, पुणे) एक पिवळी लॅब्रॅडॉर बसलेली दिसायला लागली. गळ्यावर पट्ट्याचा वळ होता, पट्टा नव्हता. रिक्षा अंगावर आली तरी उठायची नाही. टपरीवाला म्हणाला, कुणीतरी गाडीतून आणून सोडली. दवाखान्यात मायक्रोचिपचा स्कॅनर फिरवून पाहिला, काही निघालं नाही. फोटो सगळ्या ग्रुपांवर टाकले, पोलीस चौकीत सांगून ठेवलं. मालक म्हणून कुणी पुढे आलं नाही. आईने तिचं नाव आक्का ठेवलं. का, ते विचारू नका, आमच्या नात्यातली माणसं इथे वाचतात.

आक्काची पत्रिका अशी. वय डॉक्टरांच्या अंदाजाने नऊ-दहा, वजन २८ किलो. आली तेव्हा गोचिड्यांनी भरलेली होती, टिक फीव्हर निघाला, प्लेटलेट्स खाली गेलेल्या. डॉक्सिसायक्लिनचा पूर्ण कोर्स झाला, आता रक्त चांगलं आहे, क्रिएटिनिनही नॉर्मल, म्हणजे मूत्रपिंडं ठीक. मागच्या पायांचे खुबे झिजलेत, एक्स-रे काढलाय. बरगडीवर लिंबाएवढी गाठ आहे, सुईने तपासली तर नुसती चरबी निघाली. डोळे निळसर दिसतात. सगळे सड लोंबलेले आहेत, म्हणजे बाईंनी बरीच बाळंतपणं काढली असावीत. नसबंदी झालेली नाही. रेबीजची लस दिली, बाकीचीही दिली.

स्वभाव: भुंकत नाही. घरात घाण करत नाही. जिना दिसला की थबकते. कुकरची शिट्टी झाली की ओट्यापाशी येऊन बसते. मांजरं चालतात, लहान मुलांपासून लांब जाऊन बसते. गुरगुरत नाही, फक्त उठून जाते.

आता मी का ठेवत नाही, हे कुणीतरी विचारणारच. आई ८२ वर्षांची, गेल्या वर्षी खुब्याचं ऑपरेशन झालंय, वॉकरवर चालते. आक्का तिच्या पायात पायात असते. घर तिसऱ्या मजल्यावर, जुनी बिल्डिंग, लिफ्ट नाही. फिरवून आणल्यावर आक्काला वर चढवताना तिचे आणि माझे दोघींचे गुडघे बोलतात. मी सहकारी बँकेत कॅशला आहे, सकाळी साडेनऊला बाहेर पडते. म्हणजे दिवसभर घरात खुबा मोडलेली एक आणि खुबे झिजलेली एक. आई म्हणते राहू दे. डॉक्टर (आईचे) म्हणतात अजिबात नको.

स्थळं तीन आहेत.

पहिलं, मुळशीकडे फार्महाऊस असलेले गृहस्थ. दोन एकर, कुंपण, नोकर-चाकर. माणूस बोलायला चांगला, उद्या गाडी पाठवतो म्हणाला. फक्त ‘राखणीला बरी’ असं दोनदा म्हणाला, तिथे मन अडकलं.

दुसरं, बाणेरचं तरुण जोडपं, दोघं आयटीत. नववा मजला, लिफ्ट आहे. आठवड्यातून तीन दिवस ऑफिस. पहिलाच कुत्रा. उत्साह भरपूर, तिच्यासाठी बेड आधीच मागवलाय, त्यावर तिचं नावही छापून आलंय.

तिसरं, वाईचे एक काका. निवृत्त शिक्षक, वय ७१, पत्नी दोन वर्षांपूर्वी गेल्या, मुलगी परदेशात. जुन्या वाड्याचा तळमजला, मागे अंगण. आधी कुत्री पाळलेली आहेत, शेवटचा कुत्रा चौदा वर्षं जगला. अडचणी दोन. एक त्यांचं वय. दुसरी, घर कडक शाकाहारी, अंडंही शिजत नाही, आणि आक्काला कोंबडीच्या पाण्यात कालवलेला भात लागतो.

प्रश्न: (१) यातलं कोणतं? (२) या वयात नसबंदी करून द्यावी की तशीच द्यावी? (३) देताना काय लिहून घ्यावं?

मावळातला :

पहिलं स्थळ सोडून द्या. मी स्वतः शेतावर राहतो, म्हणून हक्काने सांगतो.

फार्महाऊसवाल्याला जागा किती हे विचारायचंच नाही. विचारायचं, रात्री कुत्री कुठे झोपणार? आणि सोमवार ते शुक्रवार तिला कोण बघणार? मालक शनिवारी येतो, रविवारी परत जातो. मधले पाच दिवस ती वॉचमनच्या हवाली. वॉचमन वाईट नसतो, पण त्याचा पगार ठरताना कुत्रीचा विषय कुणी काढलेला नसतो. तो उरलेली भाकरी टाकतो, आणि ती इकडेतिकडे जाऊ नये म्हणून साखळीला बांधतो.

आणि राखण कसली करणार? तुम्हीच लिहिलंय, भुंकत नाही. दुसरं म्हणजे बिबट्या. जुन्नरचं सगळे ऐकतात, पण मुळशी-मावळातही आहेतच, आणि गावातलं सगळ्यात सोपं भक्ष्य म्हणजे कुत्रा. आमच्याकडे गावठी कुत्री सुद्धा अंधार पडला की पडवीत येतात. त्यांना वास कळतो, पळता येतं. खुबे गेलेली लॅब्रॅडॉर अंगणात झोपली तर पहिल्या महिन्यातच जाईल.

जाताना एवढं मात्र म्हणतो, सगळे शेतवाले तसे नसतात. जो तिथेच मुक्कामाला असतो आणि कुत्रा घरात घेतो, त्याला जरूर द्या.

प्रॅक्टिकल_पुणेकर :

दहा वर्षांची, संधिवात झालेली, गाठ असलेली कुत्री. तिला तीन-तीन स्थळं आलीत हेच नवल. इथे माणसांच्या म्हाताऱ्यांना कुणी विचारत नाही. जो पहिला गाडी पाठवतोय त्याला देऊन मोकळ्या व्हा. एवढ्या अटी घालत बसलात तर तिन्ही हातची जातील.

कालव्याकाठची :

@प्रॅक्टिकल_पुणेकर, आमच्या घरातल्या म्हातारीला रोज विचारतो हो, त्यामुळेच तर हा धागा काढावा लागला. आणि गाडी पाठवणाऱ्याला दिली की दोन महिन्यांनी ‘जमत नाही’ म्हणून ती परत रस्त्यावर. तेव्हा मला कळणारही नाही. एकदा रस्त्यावर टाकलेल्या कुत्रीला पुन्हा टाकलं जाऊ नये, एवढीच माझी अट. बाकी सगळं त्यातूनच येतं.

@मावळातला, आभार. रात्री कुठे झोपणार हे फोन करून विचारलं. ‘मोठं लोखंडी पिंजऱ्याचं घर आहे, गेटजवळ’ असं उत्तर आलं. नम्रपणे नाही म्हटलं.

गुरांचा_आणि_कुत्र्यांचा :

पशुवैद्य आहे, सातारा जिल्ह्यात प्रॅक्टिस. तुमच्या दुसऱ्या प्रश्नाचं उत्तर आधी देतो: नसबंदी करूनच द्या.

कारण पायोमेट्रा. म्हणजे गर्भाशयात पू होणं. नसबंदी न झालेल्या वयस्क माद्यांत हा आजार नेहमीचा, आणि बहुतेकदा माजावर येऊन गेल्यानंतरच्या काही आठवड्यांत उद्भवतो. कुत्री पाणी जास्त प्यायला लागते, जेवण सोडते, कधी खालून पू येतो, कधी काहीच येत नाही. काहीच येत नाही ते जास्त वाईट. अशा वेळी रात्री-अपरात्री ऑपरेशन करावं लागतं, आणि तेव्हा भूल देणं आत्तापेक्षा कितीतरी धोक्याचं असतं. आत्ता रक्त चांगलं आहे, क्रिएटिनिन नॉर्मल आहे. हृदय तपासून घ्या, टिक फीव्हर नुकताच झालाय म्हणून ऑपरेशनच्या आधी प्लेटलेट्स पुन्हा मोजा, आणि उरकून टाका. त्याच वेळी सडांच्या ओळीत कुठे गाठ लागते का ते सर्जनला बोटांनी चाचपून बघायला सांगा.

दुसरं कारण वैद्यकीय नाही. जातिवंत लॅब्रॅडॉर मादी फुकट मिळतेय म्हटल्यावर काही फोन ‘अजून पिल्लं देईल का’ यासाठीच येतात. नसबंदी झालीय म्हणून सांगितलं की तो फोन आपोआप बंद होतो. सडांवरून मलाही वाटतं, ही पैदाशीसाठी वापरून टाकलेली आहे. कुत्र्यांच्या पैदाशीचे २०१७ चे केंद्राचे नियम आहेत, १८ महिन्यांच्या आतल्या आणि आठ वर्षांच्या पुढच्या मादीकडून पिल्लं घेता येत नाहीत. कागदावर आहेत.

निळसर डोळ्यांबद्दल: वयाप्रमाणे भिंगाचा गाभा घट्ट होतो, त्याने डोळा निळसर-करडा दिसतो. तो मोतीबिंदू नसतो, आणि नजर फारशी कमी होत नाही. खात्री करायची असेल तर तिच्यासमोर कापसाचा बोळा वरून सोडा, नजर त्याच्यामागे जाते का बघा. लोक ‘आंधळी होत चालली’ म्हणून घाबरून कुत्रं नाकारतात, म्हणून मुद्दाम लिहिलं.

खुबे: वजन २८ आहे ते २६ वर आणा, दुखणं त्यानेही उतरेल. रोज दोन-तीन छोट्या चकरा, एक मोठी नको. दुखण्यासाठी कुत्र्यांची औषधं वेगळी असतात आणि ती पशुवैद्यानेच द्यायची. घरातलं पॅरासिटामॉल, आयबुप्रोफेन, डायक्लोफेनॅक यांतलं काहीही देऊ नका. हे नव्या घरीही मोठ्या अक्षरात लिहून द्या, कारण प्रेमळ माणसंच हे करतात.

आणि फरशी! हे कुणी बघत नाही. गुळगुळीत व्हिट्रिफाइड टाइल्सवर अशा कुत्रीचे मागचे पाय फाकतात. बाणेरच्या फ्लॅटमध्ये नक्की तशाच असणार. वाईच्या वाड्यात शहाबादी असेल तर कुत्रीच्या दृष्टीने तेच आलिशान घर.

शाकाहाराचं म्हणाल तर कोरडं तयार खाणं पाकिटातून वाटीत पडतं, त्याला चूल लागत नाही. वर दही, लाल भोपळा चालतो. कांदा, द्राक्षं, बेदाणे, चॉकलेट नाही. फक्त भात-दूध-पोळी एवढ्यावर ठेवू नका, वजन वाढेल आणि स्नायू जातील. या वयात प्रथिनं कमी पडून चालत नाहीत.

कलमकसाई :

लिफ्टचा आणि सोसायटीचा विषय निघाला म्हणून थोडं. कुत्रा पाळायला सोसायटी बंदी घालू शकत नाही, बहुमताने ठराव करूनही नाही, आणि लिफ्ट वापरू नका असंही म्हणता येत नाही. भारतीय पशुकल्याण मंडळाच्या २०१५ च्या मार्गदर्शक सूचनांत हे स्पष्ट आहे. बाणेरच्या मंडळींनी भाड्याचं घर असेल तर मालकाची लेखी परवानगी मात्र घ्यावी. ‘घरमालक नको म्हणतो’ हे कुत्रा परत करण्याचं ठरलेलं कारण आहे.

लिहून काय घ्यायचं: घेणाऱ्याचं ओळखपत्र, पत्ता, आणि तीन वाक्यं. पैदाशीसाठी वापरणार नाही. परस्पर दुसऱ्याला देणार नाही. जमलं नाही तर आधी मला कळवून मलाच परत देणार. कोर्टात जायची वेळ येणार नाही, पण सही करताना माणूस वाचतो. जो सही करायला का-कू करतो त्याचं उत्तर तिथेच मिळतं. कुत्रं उपाशी-तहानलेलं राहील अशा स्थितीत सोडून देणं हा १९६० च्या प्राणी क्रूरता प्रतिबंधक कायद्याच्या कलम ११ खाली गुन्हा आहे, तेही कागदावर टाका.

आजोबा_ऑनलाइन :

वय ६९. त्यामुळे वाईच्या गृहस्थांची बाजू मीच मांडतो.

७१ म्हणजे काय लगेच निघालो का आम्ही? लॅब्रॅडॉर साधारण दहा-बारा वर्षं जगते. आक्का फार तर तीन-चार वर्षांची सोबतीण. या वयात पिल्लू घेणं चुकीचं, ते मी स्वतः नाकारलं. मुलगा घेऊन आला होता, परत पाठवलं. पण दहा वर्षांची कुत्री आणि सत्तरीतला माणूस यांचं वेळापत्रक एक असतं. दोघांनाही पहाटे जाग येते. दोघांनाही दुपारी झोप लागते. चालताना कुणी कुणाला ओढत नाही. तरुण जोडप्याचा उत्साह खरा असेल, पण ते शनिवारी तिला सिंहगडावर नेतील आणि रविवारी दवाखान्यात.

माझ्याकडची कुत्री आठ वर्षांची असताना आली, आता बारावं चालू आहे. सुरुवातीला दाराकडे तोंड करून बसायची. लोक म्हणतात तीन दिवस घाबरण्याचे, तीन आठवडे घराची घडी कळण्याचे, तीन महिने आपलं म्हणण्याचे. आमच्या बाईसाहेबांनी तिसऱ्या टप्प्याला जास्तच वेळ घेतला. तोवर नवे पाहुणे, अंघोळ, लांबचा प्रवास, काही करू नये.

एकच गोष्ट विचारा त्यांना: तुम्ही आजारी पडलात, दवाखान्यात दाखल व्हावं लागलं, तर दुसऱ्या दिवशी सकाळी तिला कोण बाहेर काढणार? ज्याचं नाव घेतील त्याला तुम्ही स्वतः फोन करा. ‘शेजारी आहेत हो’ हे उत्तर नाही. माझ्या बाबतीत पुतण्या आहे, त्याच्याकडे किल्ली आहे, आणि कुत्री महिन्यातून एक रात्र त्याच्या घरी झोपते, म्हणजे वेळ आली तर ते घर तिला परकं नाही.

नववा_मजला :

आम्हीच ते बाणेरवाले. वाईट अजिबात वाटलं नाही, उलट बरं झालं वाचायला मिळालं. टाइल्सचं आमच्या डोक्यातच आलं नव्हतं. एक विचारायचं होतं, आम्ही रबरी मॅट टाकल्या, ऑफिसच्या दिवशी मावशी ठेवल्या, तर?

गुरांचा_आणि_कुत्र्यांचा :

@नववा_मजला, मॅटने फरक पडतो, नक्की. पण तिला दर दोन-तीन तासांनी लघवीला जावं लागण्याचे दिवस येणार आहेत, आणि नववा मजला म्हणजे प्रत्येक वेळी लिफ्टची वाट बघणं. तुम्हाला पाच-सहा वर्षांचं, धडधाकट गावठी कुत्रं जास्त शोभेल. मोठं झालेलं, सवयी लागलेलं. अशांनाही घरं मिळत नाहीत, सगळ्यांना दोन महिन्यांचंच हवं असतं.

कालव्याकाठची :

सगळ्यांचे आभार. काय झालं ते सांगते.

नसबंदी झाली. आत गर्भाशय जाड झालेलं निघालं, सर्जन म्हणाले वेळेत केलंत. टाके निघेपर्यंत ती आईच्या पलंगाखाली होती, आणि आईने ‘मी लक्ष ठेवते’ म्हणून स्वतःचं दुपारचं झोपणं सोडलं होतं. दोघींच्या डॉक्टरांनी आपापल्या परीने आक्षेप घेतला.

मग वाईला गेले, आधी आक्काला न घेता. लोकांनी घर बघायला जाताना कुत्रं सोबत नेऊ नये असं माझं मत झालंय, कुत्रं बघून समोरचा माणूस फक्त गोड वागतो. काकांचा वाडा गणपती घाटापासून चालत पाच मिनिटांवर. फरशी शहाबादी आहे, डॉक्टरसाहेब. अंगणाच्या दाराला कडी खालून लागते, आधीच्या कुत्र्याने वरची उघडायला शिकून घेतलं होतं म्हणे. उंबरा मात्र चांगला वीतभर उंच. मी काही बोलायच्या आत काका म्हणाले, ‘इथे सुताराकडून फळीचा उतार करून घेतो.’

आजोबांचा प्रश्न विचारला. काकांनी जराही विचार न करता समोरच्या किराणा दुकानदाराचं नाव घेतलं. मी दुकानात जाऊन स्वतंत्र बोलले. त्याने सांगितलं की आधीचा कुत्रा शेवटच्या आजारात असताना काकांना ताप आला होता, तेव्हा आठवडाभर औषधं यानेच दिली. कोणती, तेही सांगितलं. मुलीशीही व्हिडिओ कॉल झाला. ती म्हणाली, बाबांच्या पश्चात कुत्रीची सोय मी करीन, ते कागदावर लिहा. लिहिलं. काकांनी वाचून एक शुद्धलेखनाची चूक काढली आणि मग सही केली.

खाण्याचं असं ठरलं: पाकिटातलं कोरडं खाणं रोज, आणि अंडं दुकानदाराच्या घरून उकडून येणार, अंगणातल्या वेगळ्या वाटीत. काका म्हणाले, ‘ती माझा धर्म पाळत नाही, मी तिचा पाळणार नाही, एवढं जमेल.’

आधी महिनाभर सांभाळायला म्हणून दिली, कायमची म्हणून नाही. त्याचा फायदा दोन्ही बाजूंना होतो, नाही म्हणायला कुणाला लाज वाटत नाही. सोबत फाइल दिली: रक्ताचे रिपोर्ट, एक्स-रे, लसींचं कार्ड, पुढच्या रेबीजच्या लसीची तारीख, आणि माणसांच्या वेदनाशामक गोळ्यांचा इशारा, लाल पेनाने. तिची जुनी सतरंजी न धुता दिली, वासासाठी. पहिले काही दिवस ती जेवली नाही, काकांचे फोन रोज रात्री यायचे. नंतर फोन कमी झाले आणि फोटो यायला लागले. महिना संपला तेव्हा मी विचारलं, तर म्हणाले, ‘कसला महिना?’ दत्तकपत्रावर तारीख घातली.

राहिलं एकच. दिवाळी. @गुरांचा_आणि_कुत्र्यांचा, फटाक्यांना ती किती घाबरते हे मला माहीत नाही, कारण ती आली पावसाळ्यात. वाड्यात आतली एक खोली आहे, बिनखिडकीची, काका तिथे तिचं अंथरूण आत्तापासूनच टाकतायत. गोळी लागेल का, आणि ती किती आधी सुरू करायची, हे तुम्ही काकांशी थेट बोलाल का? त्यांचा नंबर व्यनि (व्यक्तिगत निरोप) करते.

@नववा_मजला, वारज्यात आमच्या बँकेतल्या शिपायाच्या चाळीत सहा वर्षांची काळी गावठी कुत्री आहे, नसबंदी झालेली, त्याची खूण म्हणून कानाला खाच आहे. ज्यांनी सांभाळली ते गावी परत चाललेत. घरात राहिलेली आहे, पट्ट्यावर नीट चालते, लिफ्टची माहिती नाही. रविवारी बघायला या. नाव छापलेला बेड तेवढा उलटा करून घाला.

नववा_मजला :

रविवारी अकराला येतो. पत्ता व्यनि करा.